रक्तात काय, डोक्यात काय, वावरात काय: बदललेल्या माणसाला समजून घेण्याची रीत

घरातला कर्ता माणूस अबोल झाला, पोरगी शाळेत जाईना किंवा म्हातारी रात्रभर बडबडू लागली, की विदर्भातल्या गावात दोन खुलासे लगेच पुढे येतात. एक, "त्यायच्या खानदानातच आहे". दुसरा, "परिस्थितीनं माणसाचं असं केलं". "बाहेरचं लागलं" हा तिसरा खुलासा दबक्या आवाजात सांगितला जातो आणि पैसा मात्र त्याच्यावरच सर्वांत जास्त जातो. पहिल्या दोहोंत तथ्य आहे, परंतु ते चौकशी सुरू होण्याआधीच निकाल देऊन मोकळे होतात. माणसाचे मन मेंदू, जनुके आणि भोवताल या तिघांच्या सततच्या देवाणघेवाणीतून घडते, हे आता शास्त्रात वादाचे राहिलेले नाही. घरच्या माणसाच्या उपयोगाचा प्रश्न एवढाच की, या तिघांपैकी कशात आज हात घालता येईल.

पुढे दिलेली रीत घरच्या मंडळींसाठी, आशाताईंसाठी आणि गावातल्या शिक्षकांसाठी आहे. ती निदान करण्यासाठी नाही. ते काम डॉक्टरांचे. परंतु तालुक्याच्या ओपीडीत डॉक्टरांच्या वाट्याला प्रत्येक रुग्णामागे मोजकी मिनिटे येतात, आणि जी माहिती केवळ घरालाच ठाऊक असते ती त्या मिनिटांत आपोआप बाहेर येत नाही. म्हणून वहीचा एक जोडकागद घ्यावा, वरच्या भागात काळाची एक आडवी रेघ ओढावी आणि खाली रक्त, डोके आणि वावर असे तीन रकाने पाडावेत. वावर म्हणजे येथे शेतासकट माणसाचा सगळा भोवताल समजावा.

"का" विचारण्याआधी "कधीपासून" विचारावे

तारखा कोणाच्या लक्षात राहत नाहीत, हंगाम राहतात. "किती महिने झाले?" असे विचारले तर "झाले असतील चार-सहा" एवढेच हाती लागते, त्याऐवजी "पेरणीच्या वेळी बरे होते काय? डवरणीच्या वेळी? पहिल्या वेचणीला स्वतः बाजारात गेले होते काय?" असे विचारत गेले की बदलाची सुरुवात बऱ्यापैकी नेमकी सापडते. जिथे बदल दिसतो तिथे रेघेवर खूण करावी आणि त्याच्या आगेमागे घरात, शेतात, शरीरात जे जे घडले ते लिहावे.

लिहिताना विशेषणे टाळावीत. "आळशी झाला" हे मत झाले; "पहाटे बैलांना चारा टाकणारा माणूस आता ऊन वर आले तरी खाटेवरून उठत नाही" हे निरीक्षण झाले, आणि डॉक्टरांना त्याचाच उपयोग होतो. तुलना शेजाऱ्याच्या पोराशी नव्हे, त्याच माणसाच्या पूर्वीच्या वागण्याशी करावी, कारण जन्मापासून अबोल असलेला माणूस आणि अचानक अबोल झालेला माणूस या पूर्णपणे वेगळ्या गोष्टी आहेत.

बदलाचा वेगही टिपून ठेवावा. काही तासांत किंवा दोन-तीन दिवसांत माणूस एकदम बदलला, दिवस-रात्र, माणसे, जागा ओळखेनासा झाला, तर प्रथम शरीरात काहीतरी बिघडले आहे असे धरून त्याच दिवशी दवाखाना गाठावा. काही आठवड्यांत उतरण लागली असेल तर तिन्ही रकाने नीट भरावेत. लहानपणापासूनच तसे असेल, तर गर्भावस्था, जन्म आणि पहिल्या वर्षांची चौकशी अधिक महत्त्वाची ठरते.

डोक्यात काय

मेंदू हा शरीराचाच अवयव आहे, हे वाक्य सर्वांना पटते आणि वागताना कोणी पाळत नाही. सुमारे 1.4 किलो वजनाचा, शरीराच्या वजनाच्या जेमतेम 2 टक्के असलेला हा अवयव शरीराला लागणाऱ्या ऊर्जेपैकी सुमारे 20 टक्के ऊर्जा एकटा वापरतो. त्यातल्या सुमारे 86 अब्ज चेतापेशींना रक्तातून साखर, प्राणवायू, लोह, जीवनसत्त्वे आणि संप्रेरके मिळत राहावी लागतात, आणि यातले काही कमी पडले की त्याचा परिणाम "स्वभाव" म्हणून दिसू लागतो. रक्तक्षयाने थकलेली बाई चिडचिडी ठरते. थायरॉइड मंदावलेला माणूस सुस्त, उदास आणि विसराळू होतो, आणि ते चित्र नैराश्यासारखेच दिसते. दूध, अंडी आणि मांस फारसे पोटात न जाणाऱ्यांत बी-12 जीवनसत्त्वाची कमतरता सहज येते. तिच्यामुळे हातापायांना मुंग्या, विसर आणि उदासी, क्वचित भ्रमही होतात. म्हणून हिमोग्लोबिन, साखर, थायरॉइड आणि शक्य असल्यास बी-12 या तपासण्यांबद्दल डॉक्टरांना पहिल्याच भेटीत विचारावे.

डोक्याला कधी मार बसला होता काय, हे आवर्जून विचारावे. दुचाकीवरून पडून "थोडं लागलं होतं" असे म्हणून विसरलेला अपघात महिन्यांनंतरच्या संतापी वागण्यामागे असू शकतो. 1848 साली अमेरिकेत फिनिअस गेज नावाच्या रेल्वे मुकादमाच्या डोक्यातून सुरुंगाच्या स्फोटाने लोखंडी कांब आरपार गेली. तो वाचला, चालू-बोलू लागला, पण त्याला ओळखणाऱ्यांनी सांगितले की हा पूर्वीचा गेज नव्हे. कपाळामागचा मेंदूचा भाग आवर घालण्याचे, पुढचा विचार करण्याचे काम करतो, हे वैद्यकाला अशा रुग्णांवरून कळत गेले. हाच भाग पूर्ण परिपक्व व्हायला वयाची पंचविशी उजाडते. त्यामुळे सतरा वर्षांच्या पोट्ट्याच्या उतावळेपणाला लगेच आजाराचे नाव देऊ नये.

आता आपल्याकडची खास बाब. कपाशीवर फवारल्या जाणाऱ्या अनेक कीटकनाशकांचा हल्ला किडीच्या चेतासंस्थेवर असतो, आणि माणसाची चेतासंस्था त्याच रसायनांवर चालते. ऑर्गॅनोफॉस्फेट गटातली औषधे चेतापेशींमधला एक संदेश थांबवणारे विकर (एन्झाइम) निकामी करतात; संदेश थांबतच नाही, म्हणून लाळ, घाम, थरथर, गोंधळ, श्वासाचा त्रास अशी लक्षणे दिसतात. 2017 च्या खरिपात यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी आणि शेतमजूर दगावले, ते सर्वांना ठाऊक आहे. ज्याची फारशी चर्चा झाली नाही ती गोष्ट अशी की, विषबाधेतून वाचलेल्या माणसाला पुढे कित्येक आठवडे झोप न लागणे, विसर पडणे, चिडचिड होणे असे त्रास राहू शकतात. म्हणून फवारणीच्या तारखा काळाच्या रेघेवर लिहाव्यात आणि औषधाच्या डब्यावरच्या लेबलचा फोटो काढून ठेवावा. घटकाचे नाव डॉक्टरांना त्यावरून चटकन कळते.

याच रकान्यात दारू येते. रोज पिणाऱ्याने एकाएकी सोडली, किंवा पैशाअभावी त्याला ती मिळाली नाही, तर साधारण दोन ते चार दिवसांत हात कापणे, झटके येणे, अंगावर किडे चालताहेत असे दिसणे हा प्रकार होऊ शकतो. यात जीव जातो. "दारू सोडली म्हणून देवाचा कोप झाला" असे समजून अशा माणसाला मंदिरात बसवून ठेवणे हा घात आहे. तसेच बाळंतपणानंतरच्या पहिल्या दोन आठवड्यांत झोप उडालेली, असंबद्ध बोलणारी, बाळाविषयी भलतेच काही सांगणारी बाई तातडीची रुग्ण समजावी, आणि म्हातारपणी एका रात्रीत सुरू झालेल्या बडबडीमागे लघवीचा जंतुसंसर्ग किंवा रक्तातले सोडियम कमी होणे असू शकते, हे लक्षात ठेवावे. या सगळ्या गोष्टी बऱ्या होण्यासारख्या आहेत, आणि नेमक्या यांच्याच नावाने कोंबडे सर्वांत जास्त कापले जाते.

रक्तात काय

पूर्व विदर्भातल्या लोकांना आनुवंशिकता शिकवावी लागत नाही. सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजारामुळे ती घराघरांत ठाऊक आहे. नवरा आणि बायको दोघेही वाहक (स्वतः आजारी नसून सदोष जनुक बाळगणारे) असतील तर प्रत्येक बाळंतपणात मूल आजारी असण्याची शक्यता 25 टक्के, वाहक असण्याची 50 टक्के, हा हिशेब गडचिरोली-गोंदियाची आशाताई तोंडपाठ सांगते. तिथे एका जनुकातला एक बदल आजाराला पुरतो. अडचण अशी की, तोच हिशेब लोक मनाच्या आजारालाही लावतात, आणि तिथे तो लागू पडत नाही.

नैराश्याचे एकच जनुक नाही, भास आणि भ्रम होणाऱ्या स्किझोफ्रेनिया या तीव्र मनोविकाराचेही नाही. शेकडो-हजारो जनुकीय फरक प्रत्येकी किंचित वाटा उचलतात. जुळ्यांच्या अभ्यासांतून दिसते की, लोकांमधल्या नैराश्याच्या प्रवृत्तीतल्या फरकांपैकी सुमारे 40 टक्के फरकांचा संबंध आनुवंशिकतेशी, तर स्किझोफ्रेनियात सुमारे 80 टक्क्यांचा संबंध तिच्याशी लावता येतो. हा आकडा ऐकून माणूस घाबरतो, परंतु त्याचा अर्थ एका माणसाचा आजार 80 टक्के रक्तातून आला असा होत नाही. एकाच प्रतीच्या काळ्या जमिनीत निरनिराळी वाणे पेरली तर उताऱ्यातला जवळजवळ सगळा फरक बियाण्याचा दिसेल. तीच वाणे निम्मी काळीत आणि निम्मी बरडात पेरली तर फरक जमिनीचा दिसू लागेल, आणि बियाणे मात्र तेच असेल. आनुवंशिकतेची टक्केवारी ही अशी त्या त्या समाजापुरती, त्या त्या काळापुरती असते.

घरच्यांना सांगण्यासारखे आकडे वेगळे आहेत. आईवडिलांपैकी एकाला स्किझोफ्रेनिया असेल तर मुलाला तो होण्याची शक्यता साधारण 100 मध्ये 10 असते, इतरांत ती साधारण 1 असते. म्हणजे धोका वाढतो हे खरे, आणि 100 पैकी 90 मुलांना तो आजार होत नाही हेही खरे. एकसारख्या जुळ्यांपैकी एकाला आजार झाला तरी निम्म्याहून अधिक वेळा दुसऱ्याला होत नाही, जरी दोघांची जनुके जवळपास तीच असतात. सोयरीक मोडायला निघालेल्या मंडळींनी हा परिच्छेद दोनदा वाचावा.

या रकान्यात तीन पिढ्यांचा वंशवृक्ष काढावा: आजा-आजी, आई-वडील आणि त्यांची भावंडे, मग सख्खी, चुलत, मावस भावंडे. आईकडची बाजू विसरू नये. आपल्याकडे "खानदान" म्हटले की बापाकडचेच नाव डोळ्यांपुढे येते, जनुके मात्र दोन्हीकडून सारखीच येतात. सरळ "कोणी वेडे होते काय?" असे विचारले तर उत्तर नाहीच येणार. एखादी आशाताई कसे विचारते ते पाहण्यासारखे असते.

"काकू, तुमच्या घरी कोनाले लई दिवस झोप न येनं, घर सोडून निंघून जानं, असं झालं होतं काय?"

"नाई वो बाई, आमच्यात असं कोनीच नाई."

"आन् मोठे बाबा? ते कसे होते सोभावानं?"

"ते? ते देवमानूस. फक्त उन्हाया लागला का तीन-तीन रात्री झोपत नसत, सारं घर वाटून टाकत. मंग पावसात खाटेवरच राहत."

हे वर्णन ऐकून कोणत्याही मनोविकारतज्ज्ञाचे कान टवकारतील, कारण आळीपाळीने येणारा उन्माद आणि उदासी हे द्विध्रुवी विकाराचे लक्षण आहे आणि तो घराण्यात चालतो. शिवाय नातेवाइकाला कोणते औषध लागू पडले होते, हेही विचारावे; विशेषतः द्विध्रुवी विकारावरच्या लिथियम या औषधाचा गुण येणे काही प्रमाणात घराण्यात चालते. "विहिरीत पाय घसरून पडले" अशा जुन्या मृत्यूंबद्दल मात्र एकांतात, हळुवारपणे विचारावे. घरात आधी आत्महत्या झालेली असेल तर धोका वाढतो.

वावरात काय

भोवतालाची सुरुवात गर्भापासून होते. आईच्या आहारात आयोडीन नसेल तर बाळाच्या मेंदूची वाढ खुंटते, म्हणून आयोडीनयुक्त मिठाचा आग्रह आहे. 1944-45 च्या हिवाळ्यात युद्धामुळे नेदरलँड्समध्ये उपासमार झाली. त्या काळात ज्यांची गर्भधारणा झाली, त्यांच्यात मोठेपणी स्किझोफ्रेनियाचे प्रमाण अधिक आढळले. जन्माच्या वेळी बाळ रडले काय, किती वेळाने रडले, हे म्हणूनच विचारावे. पहिल्या दोन वर्षांत मेंदू प्रौढ मेंदूच्या सुमारे चार पंचमांश आकाराचा होतो, आणि त्या काळात कोणी उचलून घेणारे, बोलणारे, हसणारे माणूस हवे असते. रुमानियातल्या अनाथालयांतली मुले पालक कुटुंबांत सोपवून 2000 सालापासून अभ्यास झाला. दोन वर्षांच्या आत घर मिळालेल्या मुलांची प्रगती उशिरा घर मिळालेल्यांपेक्षा चांगली झाली. ऊसतोडीला, वीटभट्टीला गेलेल्या आईबापांचे लेकरू कोणाजवळ होते, ही चौकशी त्यामुळे फालतू नाही.

मोठ्या माणसाच्या बाबतीत कर्जाचा आकडा लगेच सांगितला जातो, झोपेचा हिशेब कोणी सांगत नाही. रानडुकरे आणि रोही यांच्यापासून पीक राखायला जागलीवर जाणे, आणि रब्बीत रात्रपाळीच्या विजेवर हरभऱ्याला ओलित करणे, यांत महिने निघून जातात. सलग झोपमोड झाली की मेंदूचा भावनांवरचा ताबा ढिला होतो, आणि द्विध्रुवी विकाराची प्रवृत्ती असलेल्या माणसात तर केवळ झोपमोडीनेही उन्मादाचा झटका सुरू होऊ शकतो. येथे तिन्ही रकाने एकमेकांत मिसळतात: मोठ्या बाबांकडून आलेली प्रवृत्ती, थकलेला मेंदू आणि धुऱ्यावरची रात्र. यातली कोणतीही एक बाब वेगळी काढून "हेच कारण" म्हणता येत नाही.

पैशाची ओढाताण विचारशक्तीवरही बसते. तमिळनाडूतल्या ऊस उत्पादकांवरचा एक अभ्यास 2013 मध्ये प्रसिद्ध झाला; तेच शेतकरी पीक निघण्यापूर्वीच्या तंगीत बुद्धीच्या चाचण्यांत जितके मागे पडले, तितके पैसे हाती आल्यावर पडले नाहीत. तुरीचे चुकारे अडकलेल्या माणसाला "तुम्हाला साधा हिशेब जमत नाही" असे हिणवण्यापूर्वी एवढे आठवावे.

भोवताल केवळ बिघडवतो असेही नाही. फिनलंडमध्ये स्किझोफ्रेनिया असलेल्या आयांची दत्तक गेलेली मुले वर्षानुवर्षे अभ्यासली गेली. जिथे दत्तक घर निकोप होते तिथे आनुवंशिक धोका असूनही या प्रकारचे विकार कमी दिसले, जिथे घरात कलह होता तिथे जास्त. त्यामुळे या रकान्यात आधारही लिहावेत: कोणाशी हा माणूस अजून बोलतो, कोणाच्या शब्दाला मान देतो, भजनी मंडळात जातो काय, माहेरी फोन होतो काय.

तिन्ही रकाने समोर ठेवून

एक कल्पित नमुना घेऊ. चाळिशीतला शेतकरी, दिवाळीपासून अबोल. रक्त: आईचा भाऊ दारूत गेला, आत्याला "झटके" येत. डोके: भाद्रपदात दोनदा फवारणीनंतर उलटी, हातापायांना मुंग्या, रोज संध्याकाळी दारू. वावर: कार्तिकापासून एकट्याने जागल, पीककर्ज थकीत, धाकट्या भावाशी धुऱ्याचा वाद; आधार म्हणून मामेभाऊ आणि शाळेतले गुरुजी. आता प्रत्येक नोंदीपुढे "आज", "या हंगामात" किंवा "बदलत नाही" यांपैकी एक लिहावे. रक्त तपासणे, कीटकनाशकाचे डबे घरातून हलवणे आणि डॉक्टरांच्या सल्ल्याने दारू सोडवणे हे आज. मामेभावाने आळीपाळीने जागलीवर जाणे आणि बँकेत सोबत जाणे या हंगामात. आईच्या भावाचा इतिहास बदलत नाही, परंतु तो इतरांपेक्षा लवकर दवाखाना गाठण्याचे कारण ठरतो.

जीव देण्याचा विचार येतो काय, हे स्पष्ट शब्दांत विचारावे. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरतो, ही समजूत चुकीची आहे. उत्तर "हो" आले तर त्या माणसाला एकटे सोडू नये, विष, दोर दूर करावेत, आणि 14416 या टेलिमानसच्या (मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनच्या) विनामूल्य क्रमांकावर फोन करून त्याच दिवशी रुग्णालयात न्यावे. आत्महत्येचा प्रयत्न करणारा माणूस तीव्र तणावाखाली होता असे 2017 चा मानसिक आरोग्य सेवा कायदा गृहीत धरतो, त्यामुळे पोलिसांच्या भीतीने उपचार लांबवण्याचे कारण नाही.

नागपूरला मनोरुग्णालय असल्याने "याले नागपूरले दाखवा" हे आपल्या गावात अजून टोमण्यासारखे म्हटले जाते, म्हणून पहिले पाऊल नागपूरचे नसले तरी चालते. जिल्हा सामान्य रुग्णालयात किंवा वैद्यकीय महाविद्यालयात मानसोपचार विभाग असतो. गावातल्या गावातही बरेच होते: अमरावती जिल्ह्यातल्या 30 गावांत "विश्राम" या कार्यक्रमाने स्थानिक कार्यकर्ते तयार केले, तेव्हा नैराश्य असलेल्यांपैकी उपचार घेणाऱ्यांचे प्रमाण दीड वर्षात 4.3 टक्क्यांवरून 27.2 टक्क्यांवर गेले.

दवाखान्यात जाताना तो जोडकागद, जुन्या चिठ्ठ्या, कीटकनाशकाच्या लेबलचा फोटो आणि जागलीच्या रात्रींचा हिशेब सोबत न्यावा, आणि बोलायला असे माणूस न्यावे ज्याच्यासमोर रुग्ण मोकळा होतो. तो बऱ्याचदा घरचा कर्ता नसतो. नैराश्याच्या गोळ्यांचा गुण दिसायला साधारण दोन ते चार आठवडे लागतात, आणि बरे वाटू लागल्यानंतरही त्या डॉक्टर सांगतील तोवर, सहसा सहा महिने तरी, चालू ठेवाव्या लागतात. तोवर त्याच कागदावर दर आठवडी बाजाराच्या दिवशी झोपेचे तास, जेवण आणि वावरात गेलेले दिवस लिहीत जावे, आणि पुढच्या भेटीत तो कागद डॉक्टरांच्या टेबलावर उलगडून ठेवावा.